अमेरिकेतून कायमचे परतताना स्वतःची बंदूक महाराष्ट्रात कायदेशीरपणे कशी आणावी

अमेरिकेत बरीच वर्षे काढून कायमचे मायदेशी परतणाऱ्या माणसाकडे कधी कधी एखादे शस्त्र असते. टेक्सासमध्ये किंवा मिशिगनमध्ये हरणाच्या हंगामासाठी घेतलेली रायफल असते, सुट्टीच्या दिवशी क्ले टार्गेटवर नेमबाजी करण्यासाठी घेतलेली दुनळी असते, क्वचित घराच्या संरक्षणासाठी घेतलेले पिस्तूल असते. तिथे ते रीतसर विकत घेतलेले असल्यामुळे तितक्याच रीतसरपणे ते घरीही नेता येईल, असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. ते नेता येते, परंतु एकच, ठरावीक प्रकारचे, आणि त्यासाठी भारतातला शस्त्र परवाना परतीच्या विमानात बसण्यापूर्वी हाती असावा लागतो. पुढे जे सांगितले आहे त्याचा सगळा भर या क्रमावर आहे. बहुतेक माणसे आधी विमानाचे तिकीट काढतात, मग अमेरिकेतली परवानगी शोधतात आणि भारतातल्या परवान्याचा विचार उतरल्यावर करतात. हा क्रम पूर्णपणे उलटा आहे आणि त्याची किंमत शस्त्र जप्त होण्यापासून फौजदारी गुन्ह्यापर्यंत काहीही असू शकते.

कायद्याची चौकट

भारतात या विषयावर दोन स्वतंत्र कायदे एकाच वेळी लागू होतात आणि एकाची पूर्तता केली म्हणून दुसऱ्याची आपोआप होत नाही. पहिला शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम, २०१६. दुसरा सीमाशुल्क अधिनियम, १९६२ आणि त्याखालचे प्रवासी सामानाचे नियम, ज्यांना सर्वजण बॅगेज रूल्स म्हणतात.

शस्त्र अधिनियमाच्या कलम १० मध्ये शस्त्रे देशात आणण्यासाठी किंवा देशाबाहेर नेण्यासाठी परवाना आवश्यक केला आहे. त्याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या भागात, असे म्हटले आहे की ज्या व्यक्तीला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क आहे, ती स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्रे व काडतुसे अशा आयात परवान्याशिवाय आणू शकते. हे एवढेच वाक्य वाचून अनेकांचा गैरसमज होतो. भारतात बंदूक बाळगण्याचा हक्क कलम ३ खालच्या परवान्यातूनच मिळतो, त्यामुळे ही सवलत फक्त वेगळ्या आयात परवान्यापुरती आहे, बाळगण्याच्या परवान्यापासून ती कोणालाही मुक्त करत नाही. शिवाय सवलत लागू होते की नाही, किंवा आणलेले प्रमाण वाजवी आहे की नाही, याबद्दल सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत शस्त्र अडकवून ठेवण्याचा अधिकार त्याला याच कलमाने दिला आहे.

सीमाशुल्काच्या बाजूने नियम अधिक कडक आहे. प्रवासी सामानातून बंदूक आणण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि तिला एकच मोठा अपवाद आहे: जो प्रवासी आपले वास्तव्य भारतात हलवत आहे आणि किमान एक वर्ष इथे राहणार आहे, त्याला परवानगी असलेल्या प्रकारातले एक शस्त्र आणता येते. त्यासाठी ते शस्त्र परदेशात किमान एक वर्ष त्याच्या स्वतःच्या ताब्यात व वापरात असले पाहिजे, त्याच्यावर लागू असलेले शुल्क भरले पाहिजे, त्याच्याकडे भारतातल्या स्थानिक प्राधिकाऱ्याचा वैध परवाना असला पाहिजे, आणि सोडवून घेतल्यानंतर ते शस्त्र त्याने आपल्या हयातीत विकता, उसने देता किंवा कोणत्याही प्रकारे हस्तांतरित करता कामा नये.

ही शेवटची अट पुन्हा एकदा वाचावी. आपण आणत असलेली वस्तू पुढे कधीच विकता येणार नाही. पैशाच्या दृष्टीने पाहिले तर शुल्क, परवानग्या, दलालाचे मानधन आणि विमान कंपनीचा आकार मिळून शस्त्राच्या मूळ किमतीपेक्षा खर्च सहज वर जाऊ शकतो. म्हणून जिच्याशी खरोखर जिव्हाळ्याचा संबंध आहे, किंवा जी नेमबाजीच्या सरावासाठी आपल्या हाताला बसलेली आहे, अशाच बंदुकीसाठी हा खटाटोप करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकारीची रायफल शिकारीसाठी म्हणून आणण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नंतर भारतात छंद म्हणून शिकार करता येत नाही.

पहिली पायरी: शस्त्र येण्यासारखे आहे का, ते पाहणे

कोणताही अर्ज भरण्यापूर्वी शस्त्र समोर घेऊन त्याचा प्रकार, बोअर (नळीच्या आतल्या छिद्राचे व काडतुसाचे माप), नळीची लांबी आणि अनुक्रमांक एका कागदावर लिहून काढावा. भारतात शस्त्रांचे निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर असे दोन गट मानले जातात आणि सामान्य नागरिकाला दुसऱ्याच गटातले शस्त्र मिळू शकते. अमेरिकेत घरोघरी आढळणारी बरीच शस्त्रे इथे पहिल्या गटात मोडतात, हे परतणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

९ मिलिमीटरचे पिस्तूल तिथे सर्वांत लोकप्रिय असले, तरी ते काडतूस आपल्याकडे सैन्य व पोलीस वापरत असल्यामुळे ते निषिद्ध आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस ज्या रायफलीत बसून उडू शकते, ती रायफलही निषिद्ध आहे, आणि .३०८ विंचेस्टरच्या शिकारी रायफलीत ७.६२ चे लष्करी काडतूस बसत असल्यामुळे ती रायफल, मग ती साधी बोल्ट ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने पुन्हा भरावी लागणारी) का असेना, इथे अडते. एआर-१५ धाटणीच्या सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या, रायफलीचा विचार मनातही आणू नये. सर्वांत फसवी गोष्ट आहे ती गुळगुळीत नळीच्या बंदुकीची. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार शॉटगनची, म्हणजे अशा बंदुकीची, नळी किमान १८ इंचांची असली की भागते, त्यामुळे घराच्या संरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या शॉटगनची नळी बहुधा साडेअठरा इंचांची असते. भारतात २० इंचांपेक्षा आखूड नळीची अशी बंदूक निषिद्ध वर्गात जाते. दीड इंचाच्या फरकावर सगळा बेत मोडू शकतो, म्हणून नळी टेपने मोजावी आणि उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावी.

याउलट बारा बोअरची लांब नळीची दुनळी, .२२ ची बोल्ट ॲक्शन रायफल, .३०-०६ ची बोल्ट ॲक्शन रायफल, .३२ चे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर ही शस्त्रे सर्वसाधारणपणे अनिषिद्ध गटात येतात. आपल्या आयुध कारखान्यांनी नागरिकांसाठी बनवलेली शस्त्रे पाहिली तरी त्यात .३२, .३१५ आणि .३०-०६ हे बोअर दिसतात, आणि काय चालते याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. शस्त्रावर उत्पादकाचे नाव आणि अनुक्रमांक स्पष्टपणे कोरलेला असणे हीदेखील कायद्याची अट आहे. क्रमांक पुसट झालेले किंवा घरी जुळणी केलेले शस्त्र आणण्याच्या फंदात पडू नये.

सुटे भाग वेगळे आणले तर चालतील, अशी समजूत असेल तर तीही सोडून द्यावी. शस्त्र अधिनियमातल्या ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे भागही येतात आणि आवाज किंवा ज्वाला कमी करणारी उपकरणे तर ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेतच धरली आहेत. जादा नळी, जादा मॅगझिन, सायलेन्सर यांतले काहीही परवान्यात नसताना बॅगेत असता कामा नये.

दुसरी पायरी: आपण पात्र आहोत का

वर सांगितलेली एक वर्षाच्या ताब्याची अट प्रवाशाच्या स्वतःच्या ताब्याबद्दल आहे. परतण्याच्या दोन महिने आधी हौसेने घेतलेली बंदूक त्यात बसत नाही. अमेरिकेत वारलेल्या वडिलांची बंदूक वारसाहक्काने मिळवून लगेच परतणाऱ्या मुलीलाही ही अट आडवी येते. वास्तव्य हलवल्याची सवलत मिळण्यासाठी परदेशात किती काळ राहिलेले असावे आणि मधल्या काळातल्या भारतभेटी किती दिवसांच्या असाव्यात, हे बॅगेज नियमांत ठरवून दिलेले असते आणि ते वेळोवेळी बदलते, म्हणून प्रवासाच्या वर्षाचा नियम केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर वाचावा. पासपोर्टवरचे सगळे शिक्के एकत्र करून भारतभेटींचा तक्ता आधीच तयार ठेवला, तर विमानतळावरचा निम्मा वेळ वाचतो.

अमेरिकेतल्या स्वतःच्या कायदेशीर स्थितीकडेही इथेच पाहिले पाहिजे. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला तिथल्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे, आणि राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्या मनाईचा सर्वांत नेहमीचा अपवाद आहे. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही मनाई नाही. शिकार परवान्याच्या आधारावर शस्त्र घेतलेल्या आणि नंतर तो परवाना संपू दिलेल्या व्हिसाधारकाने निर्यातीचा अर्ज भरण्याआधी तिथल्या वकिलाचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे, कारण त्या अर्जात तो आपल्याच सहीने शस्त्राचा ताबा मान्य करणार असतो.

तिसरी पायरी: भारतातला परवाना

परतण्याच्या किमान एक वर्ष आधी या कामाला हात घालावा, असे मी आग्रहाने सांगेन. परवाना देणारा अधिकारी कोण, हे इथल्या पत्त्यावरून ठरते. मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे यांसारख्या आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्त परवाना देतात आणि इतरत्र जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी या नात्याने, तो देतात. सांगलीच्या एखाद्या खेड्यात घर असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाची गृह शाखा, आणि कोथरूडला असेल तर पुणे पोलीस आयुक्तालयाची परवाना शाखा, असा तो हिशेब आहे.

अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा असतो. त्यासोबत ओळखीचा आणि वास्तव्याचा पुरावा, छायाचित्रे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे लागतात. अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते. त्यानंतर स्थानिक पोलीस ठाण्याकडून चारित्र्य पडताळणी होते, शेजाऱ्यांकडे चौकशी होते, आणि परदेशात राहणाऱ्या अर्जदाराचे काम नेमके इथे रखडते, कारण पडताळणीला आलेल्या हवालदाराला घर बंद सापडते. म्हणून अर्जानंतरच्या पडताळणीच्या काळात स्वतः त्या पत्त्यावर हजर राहता येईल, अशी भारतभेट आखावी. अर्ज भरून लगेच परत जाणाऱ्याच्या फायलीवर ‘अर्जदार मिळून आला नाही’ असा शेरा पडला, की पुढचे सगळे नव्याने सुरू करावे लागते.

अर्जात कारण लिहिताना वास्तव्य हलवताना स्वतःचे शस्त्र आणायचे आहे, ही वस्तुस्थिती स्पष्टपणे मांडावी आणि शस्त्राचा बोअर, बनावट, अनुक्रमांक व खरेदीची तारीख लिहावी. नुसता ‘आत्मसंरक्षण’ असा शेरा लिहून परवाना घेतला आणि नंतर त्यावर परदेशी शस्त्र चढवायला गेले, तर दोन्ही कार्यालयांत प्रश्न उभे राहतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. आपल्या नावावर वडिलोपार्जित शस्त्रे आधीच असतील, तर ती या दोनांत मोजली जातील. अर्ज नाकारला गेल्यास कारणे लेखी मागता येतात आणि कलम १८ खाली अपील करता येते.

परवाना मिळाला की त्यावर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, शस्त्राचे वर्णन अनुक्रमांकासह अचूक आहे का. इंग्रजी ओ आणि शून्य यांच्या गोंधळामुळेही शस्त्र अडून बसू शकते. दुसरी, परवान्याचे क्षेत्र कोणते आहे. ते महाराष्ट्रापुरते असेल तर दिल्लीला उतरून देशांतर्गत विमानाने पुण्याला येण्याचा बेत रद्द करावा आणि थेट मुंबईलाच उतरावे.

यानंतर मुंबई विमानतळाच्या सीमाशुल्क आयुक्तांना एक पत्र लिहावे. त्यात परवान्याची प्रत, शस्त्राचा तपशील आणि अपेक्षित तारीख देऊन, आपण वास्तव्य हलवण्याच्या सवलतीखाली एक शस्त्र आणणार आहोत, तरी लागू असलेले शुल्क आणि लागणारी कागदपत्रे कळवावीत, अशी विनंती करावी. उत्तर येईलच असे नाही, परंतु पोचपावती असलेले हे पत्र विमानतळावर आपला प्रामाणिक हेतू सिद्ध करणारा मोठा पुरावा ठरते. बंदूक ही सर्वसाधारण शुल्कमुक्त मर्यादेत धरली जात नाही, त्यामुळे शुल्काची तजवीज करूनच निघावे.

चौथी पायरी: मालकीचा पुरावा

या टप्प्यावर दोन देशांच्या व्यवस्थांमधला एक मोठा फरक आड येतो. भारतातला अधिकारी ‘परदेशातला बंदुकीचा परवाना दाखवा’ असे म्हणतो, आणि टेक्सासमधून आलेल्या माणसाकडे तसा कागद अस्तित्वातच नसतो, कारण अमेरिकेत सर्वसाधारण बंदुकांची संघीय नोंदणी नाही. न्यू जर्सी किंवा इलिनॉयसारख्या राज्यांत मालकाला ओळखपत्र मिळते, परंतु ते माणसाचे असते, विशिष्ट बंदुकीचे नसते.

म्हणून पुरावा आपणच उभा करावा लागतो. अनुक्रमांक छापलेली दुकानाची खरेदी पावती सर्वांत महत्त्वाची. ती हरवली असेल तर परवानाधारक दुकानदाराकडून त्याच्या लेटरहेडवर विक्रीची तारीख व क्रमांक लिहून घ्यावा. याखेरीज अमेरिकी सीमाशुल्क खात्याचा ४४५७ क्रमांकाचा नमुना असतो, ज्यावर अधिकारी प्रत्यक्ष वस्तू पाहून तिचे वर्णन, क्रमांक आणि तारीख प्रमाणित करतो. परतायचा विचार मनात आला की लगेच जवळच्या सीमाशुल्क कार्यालयात जाऊन हा नमुना करून घ्यावा, म्हणजे एक वर्षाचा ताबा दाखवणारा सरकारी शिक्क्याचा कागद हाती राहतो. जाण्याआधी त्या कार्यालयात दूरध्वनी करून बंदूक घेऊन येत असल्याचे कळवावे. नेमबाजी क्लबचे सदस्यत्व, शिकार परवाने, विम्याच्या यादीतली नोंद हे पूरक पुरावे म्हणून जोडावेत आणि सर्वांवर एक नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र करावे.

पाचवी पायरी: अमेरिकेची निर्यात परवानगी

अमेरिकेतून बंदूक बाहेर नेणे ही त्यांच्या कायद्याच्या दृष्टीने निर्यात आहे. ९ मार्च २०२० पासून सर्वसाधारण नागरी रायफली व पिस्तुले परराष्ट्र खात्याच्या यादीतून वाणिज्य खात्याच्या नियंत्रणाखाली आली आहेत आणि तिथे उद्योग व सुरक्षा विभाग, ज्याला बीआयएस म्हणतात, त्यांची परवानगी देतो. लांब नळीच्या शॉटगनसाठीही हाच विभाग.

प्रवासी सामानासाठी ‘बॅग’ नावाची एक सूट आहे, जिच्याखाली नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक स्वतःबरोबर तीनपर्यंत शस्त्रे स्वतंत्र परवान्याशिवाय नेऊ शकतो. महाजालावर याच सुटीचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि परतणाऱ्यांसाठी तो सपशेल चुकीचा आहे. ही सूट तात्पुरत्या प्रवासासाठी आहे. तिच्याखाली नेलेले शस्त्र अमेरिकेत परत आणायचे असते आणि कायमची निर्यात तिच्याखाली करता येत नाही. जो माणूस भारतीय सीमाशुल्काला सांगतो की मी कायमचा आलो, आणि अमेरिकी अधिकाऱ्याला सांगतो की मी शस्त्र परत आणणार आहे, त्याची दोन्ही निवेदने एकमेकांना खोटे पाडतात.

त्यामुळे कायमच्या निर्यातीचा परवाना घ्यावा लागतो. अर्ज बीआयएसच्या स्नॅप-आर या ऑनलाइन प्रणालीतून होतो आणि त्यासाठी सरकारी शुल्क नाही. अर्जात शस्त्राचे वर्गीकरण, भारतातला पत्ता, ताबा कोणाकडे राहणार, वापर कशासाठी, हे लिहायचे असते. भारताचा शस्त्र परवाना आणि त्याचे इंग्रजी भाषांतर सोबत जोडले तर शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात, आणि भारतातला परवाना आधी घ्यायचा तो याहीसाठी. वर्गीकरणाची भाषा किचकट आहे. नियमितपणे निर्यात करणाऱ्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडून हे काम करून घेणे जास्त शहाणपणाचे.

परवाना मिळाल्यावर प्रवासाच्या आधी निर्यातीची इलेक्ट्रॉनिक माहिती एईएस या अमेरिकी सरकारच्या निर्यात नोंदणीच्या प्रणालीत भरावी लागते आणि तिथून एक व्यवहार क्रमांक मिळतो. शस्त्राची किंमत कितीही कमी असली तरी ही नोंद टाळता येत नाही. तो क्रमांक, निर्यात परवाना आणि शस्त्र घेऊन निघण्याच्या विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे हजर व्हायचे असते, म्हणून उड्डाणाच्या वेळेआधी चार-पाच तास पोहोचावे.

सहावी पायरी: प्रवास

शस्त्र स्वतःबरोबर, काउंटरवर चेक-इन केलेल्या सामानातून नेणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. घरसामानाच्या कंटेनरमध्ये सोफ्याखाली ते भरून पाठवणे, कुरियरने धाडणे किंवा भारतात निघालेल्या मित्राकडे देणे, यांतले काहीही करू नये. मित्राच्या बाबतीत तर वास्तव्याची, ताब्याची आणि परवान्याची अशा तिन्ही अटी एकाच वेळी मोडतात आणि अटक त्याला होते.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा नियमांप्रमाणे शस्त्र रिकामे करून कडक कवचाच्या, पूर्णपणे कुलूपबंद पेटीत ठेवावे लागते, काउंटरवर ते स्वतःहून जाहीर करावे लागते आणि किल्ली प्रवाशाने स्वतःकडे ठेवायची असते. पेटी अशी हवी की कोपरा ताणूनही आतल्या शस्त्राला हात लागू नये. मॅगझिन रिकामे असावे. काडतुसे आणूच नयेत, असा माझा सल्ला आहे. नियमांत ५० काडतुसांची मर्यादा दिलेली असली आणि विमान कंपन्या साधारण ५ किलोपर्यंत दारूगोळा स्वीकारत असल्या, तरी त्याच बोअरची काडतुसे परवान्यावर इथे मिळतात आणि आणलेल्या प्रत्येक काडतुसामागे एक नवा प्रश्न उभा राहतो.

तिकीट काढण्याआधी विमान कंपनीची लेखी संमती घ्यावी. थेट मुंबईचे विमान मिळाले तर उत्तम. युरोपात किंवा आखातात विमान बदलायचे असेल तर तिथल्या सरकारची परवानगी लागू शकते, सामान परस्पर पुढे जाणार असले तरीही, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची तिकिटे असतील तर दोघींची संमती हवी.

न्यू जर्सी आणि न्यू यॉर्कमधून निघणाऱ्यांनी, विशेषतः दुसऱ्या राज्यातून तिथे येऊन विमान बदलणाऱ्यांनी, एक प्रकरण लक्षात ठेवावे. २००५ मध्ये युटा राज्याचा एक प्रवासी नेवार्कला पुढचे विमान चुकल्यामुळे आपले सामान घेऊन हॉटेलात राहिला आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर बंदूक प्रामाणिकपणे जाहीर केल्यावर त्याला न्यू जर्सीच्या कायद्याखाली अटक झाली. आंतरराज्य प्रवासातल्या बंदूकधारकाला संघीय कायद्याने संरक्षण दिले आहे, परंतु मधल्या मुक्कामात शस्त्र त्याच्या हाताशी होते म्हणून ते संरक्षण लागू होत नाही, असा निकाल संघीय अपील न्यायालयाने २०१० मध्ये दिला. एडिसनला नातेवाइकांकडे दोन दिवस राहून मग नेवार्कहून निघू, असा बेत इतर राज्यांतले मराठी लोक सहज आखतात. बंदूक बरोबर असताना तो आखू नये. विमान चुकलेच तर शस्त्राची पेटी ताब्यात न घेता ती विमान कंपनीकडेच ठेवण्याची विनंती करावी.

सातवी पायरी: मुंबई विमानतळ

सामान घेऊन थेट लाल मार्गिकेत जावे आणि कोणी विचारण्याआधी शस्त्र आहे असे सांगावे. सीमाशुल्क जाहीरनाम्यात त्याची नोंद करावी. हिरव्या मार्गिकेत पाऊल टाकणे म्हणजे जाहीर करण्यासारखे काही नाही असे निवेदन करणे होय, आणि नंतर कितीही कागद दाखवले तरी ते निवेदन मागे घेता येत नाही.

भारतीय शस्त्र परवाना मूळ प्रतीत, पासपोर्ट आणि भेटींचा तक्ता, मालकीचे पुरावे, अमेरिकेचा निर्यात परवाना, आयुक्तांना पाठवलेल्या पत्राची पोच आणि शस्त्राच्या किमतीचा पुरावा, हे सगळे एकाच फायलीत, याच क्रमाने लावलेले असावे. अधिकारी शस्त्र पाहील, क्रमांक ताडेल, किंमत ठरवेल आणि शुल्क आकारेल. यात काही तास जातात. बरोबर वृद्ध आईवडील किंवा लहान मुले असतील तर त्यांना आधी घरी पाठवण्याची व्यवस्था करावी.

एखादा कागद कमी पडला तर वाद न घालता शस्त्र सीमाशुल्काच्या ताब्यात ठेवून रीतसर पावती घ्यावी. ज्या वस्तूची खरी घोषणा केली आहे ती, आयात निषिद्ध असली तरीही, प्रवाशाच्या विनंतीवरून अडकवून ठेवून परत जाताना त्याला देण्याची तरतूद सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ८० मध्ये आहे. ‘खरी घोषणा’ हे त्यातले कळीचे शब्द आहेत.

घरी पोहोचल्यावर

शक्य तितक्या लवकर परवाना देणाऱ्या कार्यालयात शस्त्र तपासणीसाठी दाखवून, शुल्क भरल्याच्या पावतीसह त्याची परवान्यावर आणि राष्ट्रीय शस्त्र परवाना प्रणालीत नोंद करून घ्यावी. स्थानिक पोलीस ठाण्यालाही लेखी कळवावे. घरात ठेवण्याची सुरक्षित सोय तयार नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे शस्त्र सांभाळण्यासाठी ठेवता येते. परतण्याची तारीख ठरवताना निवडणुकांचे वेळापत्रकही पाहावे, कारण आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात आणि परवाना शाखेचे नेहमीचे काम मंदावते. शुल्काची पावती आणि सीमाशुल्काचा आदेश या दोन कागदांच्या प्रमाणित प्रती परवान्याबरोबर कायम ठेवाव्यात. नूतनीकरणाच्या वेळी आणि पुढे वारसांना त्या लागतात.

ज्यांना हा मार्ग लागू होत नाही

ज्यांचे शस्त्र पहिल्याच पायरीवर निषिद्ध ठरते, त्यांनी ते तिथेच परवानाधारक विक्रेत्यामार्फत विकावे. त्याच राज्यातल्या मित्राला द्यायचे असले तरी अनेक राज्यांत पार्श्वभूमी तपासणी आवश्यक असते, म्हणून विक्रेत्यामार्फतच द्यावे. दुसऱ्या राज्यातल्या मित्राला तर विक्रेत्याशिवाय देताच येत नाही.

स्पर्धात्मक नेमबाजांचा मार्ग वेगळा आहे. शस्त्र नियमांत नामवंत आणि उदयोन्मुख नेमबाजांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत आणि त्यांना शस्त्रसंख्येतही सवलत मिळते. त्यांची प्रकरणे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या शिफारशीने चालतात, ज्या संस्थेची स्थापना १९५१ मध्ये गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने झाली. परदेशातल्या स्पर्धेसाठी आपले शस्त्र घेऊन जाणाऱ्या खेळाडूने निघताना मुंबईच्या सीमाशुल्क कक्षाकडून अनुक्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना तेच शस्त्र नव्याने आयात केल्यासारखे शुल्कास पात्र ठरत नाही.

उलट दिशेचा प्रश्नही अनेक घरांतून विचारला जातो: माळ्यावर पणजोबांची तोड्याची किंवा ठासणीची बंदूक आहे, ती अमेरिकेतल्या मुलाकडे भिंतीवर लावायला पाठवता येईल का? शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ खाली पुरावशेष ठरू शकते, आणि पुरावशेषांची निर्यात केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांच्याशिवाय कोणालाही करता येत नाही. वय नक्की नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे, आणि ते मिळाले तरी शस्त्र अधिनियमाच्या कलम १० ची परवानगी व अमेरिकेतले आयातीचे नियम यांची पूर्तता स्वतंत्रपणे करावी लागते.